महागाई वाढ बंद झालेली नाही: ‘वित्त कायदा २०२५’च्या संदेशाला उत्तर

गेल्या महिन्यापासून निवृत्तिवेतनधारकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये एक लांबलचक संदेश फिरतो आहे. ‘वित्त कायदा २०२५: निवृत्तांची महागाई वाढ आणि वेतन आयोगाचे लाभ कायमचे बंद’ असा त्याचा मथळा आहे. (महागाई वाढ म्हणजे किमती चढतील तशी मूळ निवृत्तिवेतनावर टक्केवारीने मिळणारी भर.) त्याखाली लाल खुणा करून मुद्दे मांडले आहेत: यापुढे सरकार निवृत्तांना महागाई वाढ देण्यास बांधील नाही, महागाईचा दर शून्याजवळ आल्यामुळे जानेवारी २०२६ पासून ही वाढ शून्य होणार, ५० टक्के महागाई वाढ मूळ निवृत्तिवेतनात विलीन करण्याचे आश्वासन सरकारने मोडले, अमेरिकेत मात्र ज्येष्ठांना दरवर्षी कायद्याने वाढ मिळते, करोनाकाळातील १८ महिन्यांची थकबाकी हवी असेल तर सोबतच्या लिंकवर ताबडतोब नोंदणी करावी, आणि शेवटचा टोमणा असा, की ‘आता सरकारी पेन्शनर आणि कंपनीतून निवृत्त झालेले एकाच रांगेत’.

माझी आत्या ऐरोलीला राहते. तिचे यजमान मध्य रेल्वेच्या कळवा कारशेडमधून निवृत्त झाले आणि त्यांच्या पश्चात तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. सोसायटीचा ज्येष्ठांचा गट, भजनी मंडळ आणि डोंबिवलीची नणंद अशा वेगवेगळ्या वाटांनी तोच संदेश येऊन धडकल्यावर, एवढे सगळे जण सांगतात म्हणजे खरेच असणार, असे तिने धरून चालले, स्वयंपाकाच्या बाईंना पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणून सांगून टाकले आणि मग मला फोन करून विचारले, “अगं, माझी महागाई बंद झाली का गं?” संधिवाताने मनगटे धरलेल्या बाईला स्वतःच्या पोळ्या स्वतः लाटायला लावणारा मजकूर कोणी गंमत म्हणून किंवा काळजीपोटी पुढे ढकलला असेल, त्याच्या हेतूशी मला कर्तव्य नाही. मजकूर खोटा आहे, आणि तो कुठे खोटा आहे, कुठे अर्धवट खरा आहे, हे एकदा नीट लिहून ठेवणे आवश्यक आहे.

मथळ्यातला दावा तारखा शेजारीशेजारी ठेवल्या तरी टिकत नाही. वित्त विधेयक २०२५ राज्यसभेत २७ मार्च रोजी संमत झाले आणि २९ मार्च रोजी राष्ट्रपतींच्या संमतीने त्याचा कायदा झाला. या दोन तारखांच्या मधल्या दिवशी, म्हणजे २८ मार्च रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता आणि निवृत्तांची महागाई वाढ ५३ वरून ५५ टक्क्यांवर नेली. कायदा अमलात येऊन सहा महिने उलटल्यावर, १ ऑक्टोबर २०२५ रोजी, त्याच मंत्रिमंडळाने हा दर १ जुलै २०२५ पासून ५८ टक्के केला आणि त्याचा लाभ ४९.१९ लाख कर्मचारी व ६८.७२ लाख निवृत्तिवेतनधारकांना मिळेल असे जाहीर केले. मार्चमध्ये कायमची बंद झालेली गोष्ट ऑक्टोबरमध्ये वाढते कशी, याचे उत्तर संदेशात नाही. उलट ‘सध्याचा ५८ टक्के दर हा शेवटचा’ असे त्यातच लिहिले आहे, म्हणजे लिहिणाऱ्याने आपल्या मथळ्याचा पराभव आपल्याच चौथ्या ओळीत करून ठेवला आहे.

पुरावा तर आत्याच्या कपाटातच होता. तिचे मूळ कुटुंब निवृत्तिवेतन १४,८०० रुपये आहे. ५५ टक्क्यांनी त्यावर ८,१४० रुपये मिळत होते, ५८ टक्क्यांनी ८,५८४ रुपये मिळू लागले. महिन्याकाठी ४४४ रुपयांचा फरक पडला. तिच्या पासबुकात ऑक्टोबरअखेर नवी २३,३८४ रुपयांची रक्कम आणि जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांच्या फरकाचे १,३३२ रुपये जमा झालेले स्वच्छ दिसतात. पासबुक भरून आणण्यासाठी ती दर महिन्याला बँकेत जाते, यंत्रातून कागद सरकताना पाहते आणि शेवटचा शिल्लक आकडा तेवढा वाचून घरी येते. ज्यांच्या घरी असे पासबुक आहे, त्यांनी मधल्या ओळी वाचाव्यात, एवढी विनंती आहे.

आता ही अफवा मुळात उगवली कुठून, ते पाहू, कारण यातच तिचा सगळा जीव आहे. केंद्रीय नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, २०२१ यांतील नियम ३७ मध्ये मे २०२५ मध्ये एक दुरुस्ती झाली. एखादे सरकारी खातेच सार्वजनिक उपक्रमात रूपांतरित झाले आणि त्यातले कर्मचारी त्या उपक्रमात सामावून घेतले गेले, तर त्यांच्या निवृत्तिवेतनाचे काय, याविषयीचा हा नियम आहे. दूरसंचार खात्याच्या कामांतून ऑक्टोबर २००० मध्ये भारत संचार निगम उभे राहिले, तेव्हा असाच प्रश्न आला होता. दुरुस्ती असे सांगते की, अशा रीतीने सामावून घेतलेल्या कर्मचाऱ्याला पुढे गैरवर्तनाबद्दल उपक्रमाच्या सेवेतून बडतर्फ केले किंवा काढून टाकले, तर त्याने आधी सरकारात केलेल्या सेवेचे निवृत्तिलाभही जप्त होतील. मात्र उपक्रमाच्या त्या निर्णयाचा फेरविचार संबंधित मंत्रालय करील. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्यपडताळणी विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये याच नियमाचा हवाला देऊन, सरसकट महागाई वाढ आणि वेतन आयोगाचे लाभ बंद झाल्याचा दावा खोटा असल्याचे जाहीर केले. बडतर्फ झालेल्या, तेही एका विशिष्ट प्रकारे सामावून घेतलेल्या, कर्मचाऱ्यांपुरती असलेली तरतूद उचलून ती सगळ्या निवृत्तांच्या माथी मारली गेली, आणि तिला वजन यावे म्हणून वित्त कायद्याचे नाव चिकटवले गेले. नियम वेगळा आणि कायदा वेगळा, हेही संदेशकर्त्याला ठाऊक नाही किंवा वाचकाला ठाऊक नसेल अशी त्याची खात्री आहे.

शिवाय आत्याला हा नियम लागूच नाही. रेल्वेचे निवृत्तिवेतन रेल्वे सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९९३ यांप्रमाणे चालते. ठाण्याच्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून निवृत्त झालेल्या गुरुजींना, मंत्रालयातून घरी आलेल्या कक्ष अधिकाऱ्यांना हा संदेश पाठवणे तर आणखीच विनोदी आहे, कारण राज्याच्या तिजोरीतून दिले जाणारे निवृत्तिवेतन हा संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा विषय आहे आणि महाराष्ट्राचे स्वतःचे निवृत्तिवेतन नियम १९८२ पासून आहेत. राज्य शासन आपल्या निवृत्तांची महागाई वाढ स्वतंत्र शासन निर्णय काढून वाढवते. तो निर्णय केंद्राच्या मागून, पुष्कळदा काही महिन्यांच्या विलंबाने येतो. १ जानेवारी २०२५ पासूनचा ५५ टक्के दर राज्यात ऑगस्टमध्ये जाहीर झाला. या विलंबावर रागवायला पूर्ण जागा आहे, पण उशीर आणि बंदी यांत फरक आहे.

एक गोष्ट मात्र, नाइलाजाने का होईना, मान्य करावी लागते. वित्त कायदा २०२५ मध्ये निवृत्तिवेतनाविषयी एक भाग खरोखरच आहे. केंद्रीय निवृत्तिवेतन नियमांना आणि निवृत्तिवेतनावरील खर्चाच्या तत्त्वांना वैधता देणारा हा भाग असून, निवृत्तांमध्ये, विशेषतः निवृत्तीच्या तारखेवरून, वेगवेगळे वर्ग करण्याचा अधिकार सरकारला आहे आणि पूर्वीपासून होता, असे त्याने नोंदवून टाकले आहे. अर्थसंकल्पाच्या विधेयकात असा विषय घुसवण्याचे कारण काय, असे निवृत्तांच्या संघटनांनी विचारले, ते योग्यच होते. सहाव्या वेतन आयोगाच्या काळातील, २००६ पूर्वीच्या आणि नंतरच्या निवृत्तांच्या दाव्यांतून हा प्रश्न चिघळत आला होता. २७ मार्चला राज्यसभेत अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी, अस्तित्वात असलेल्या नियमांनाच ही वैधता आहे, नागरी निवृत्तिवेतनात त्यामुळे कोणताही बदल होत नाही, असे सांगितले. या आश्वासनावर किती विसंबायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. सर्वोच्च न्यायालयाच्या १७ डिसेंबर १९८२ च्या नकारा खटल्याच्या निकालात, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली खैरात नव्हे, असे बजावले होते आणि केवळ निवृत्तीच्या तारखेवरून केलेला भेद अमान्य केला होता. त्या निकालाच्या स्मरणार्थ पेन्शनर दिन पाळणाऱ्या पिढीला या नव्या कलमांची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. आठव्या वेतन आयोगाच्या वेळी जुन्या निवृत्तांना नव्यांच्या बरोबरीने वाढ मिळेल की नाही, ही शंका या कलमांमुळे बळावते, हे खरे आहे. परंतु ती शंका वेतन आयोगानंतरच्या समानतेविषयी आहे. दर सहा महिन्यांनी निर्देशांकावरून ठरणाऱ्या महागाई वाढीची पद्धत त्या भागाने बदललेली नाही, आणि संदेशात नेमका हाच खरा प्रश्न सोडून बाकी सगळे आहे.

वेतन आयोगाचे लाभ निवृत्तांना मिळणार नाहीत, हा उपमुद्दा फार वेळ देण्याजोगा नाही. न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालील आठव्या आयोगाची कार्यकक्षा मंत्रिमंडळाने २८ ऑक्टोबर २०२५ रोजी मंजूर केली, अहवालासाठी १८ महिने दिले, आणि आयोग वेतन, भत्ते व निवृत्तिवेतन यांवर शिफारशी करील असे सरकारने डिसेंबरच्या सुरुवातीला संसदेत सांगितले. कार्यकक्षेत निवृत्तिवेतनाच्या ‘विनानिधी खर्चा’चा, म्हणजे वेगळा निधी न साठवता तिजोरीतून होणाऱ्या खर्चाचा, उल्लेख आहे आणि तो वाचून कपाळावर आठी पडते, हेही तितकेच खरे.

सर्वांत हास्यास्पद मुद्दा दुसरा आहे, आणि तोच सुशिक्षित माणसांनाही पटलेला मी पाहिला. ‘ऑक्टोबरमध्ये महागाई ०.२५ टक्क्यांवर आली, म्हणून जानेवारीपासून महागाई वाढ शून्य.’ ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के नोंदला गेला, ही बातमी खरी आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र तीन ठिकाणी घसरतो.

पहिले म्हणजे, महागाई वाढ बातमीतल्या किरकोळ महागाईच्या निर्देशांकावरून ठरतच नाही. ती केंद्रीय कामगार मंत्रालयाच्या अखत्यारीतील श्रम ब्युरोच्या, औद्योगिक कामगारांसाठीच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून ठरते. देशातील ८८ औद्योगिक केंद्रांतील ३१७ बाजारांतून किमती गोळा करून हा निर्देशांक दर महिन्याला काढला जातो. दुसरे म्हणजे, एका महिन्याचा आकडा कधीच घेतला जात नाही. बारा महिन्यांची सरासरी घेतली जाते. आणि तिसरे, जे सगळ्यात महत्त्वाचे आहे, ते असे की ही तुलना गेल्या वर्षाशी नसून २०१५ च्या पातळीशी आहे. सातव्या वेतन आयोगाने निवृत्तिवेतने त्या पातळीवर बेतली होती, म्हणून तेव्हापासून किमती एकूण किती चढल्या, तेवढे टक्के मूळ रकमेवर दिले जातात. किमती यंदा कमी वेगाने वाढल्या, तर महागाई वाढीत पडणारी भर लहान होते. आधी साचलेली वाढ कुठेही जात नाही.

गणित कोणालाही घरी करता येते. जुलै २०२४ ते जून २०२५ या बारा महिन्यांच्या निर्देशांकांची सरासरी १४३.५७ येते. नव्या मालिकेचा (२०१६ = १००) आकडा जुन्या मालिकेत (२००१ = १००) नेण्यासाठी त्याला २.८८ ने गुणायचे, म्हणजे सुमारे ४१३.४७ मिळतात. त्यातून पायाभूत, म्हणजे २०१५ च्या सरासरीचे, २६१.४२ वजा करून बाकीला पुन्हा २६१.४२ ने भागायचे आणि शंभराने गुणायचे, उत्तर ५८.१६ येते. अपूर्णांक सोडून द्यायचा. उरले ५८, आणि मंत्रिमंडळाने जाहीर केलेलाही तोच आकडा. याच हिशेबाने दर शून्यावर यायचा असेल, तर बारा महिन्यांची सरासरी साधारण ९१ वर घसरावी लागेल. ऑक्टोबर २०२५ चा निर्देशांक १४७.७ आहे. म्हणजे डाळ, दूध, घरभाडे, औषधे, रिक्षाचे भाडे, सगळे काही दहा वर्षांमागच्या भावाने मिळू लागले, तेही सलग वर्षभर मिळत राहिले, तरच संदेशातली ‘शून्य वाढ’ प्रत्यक्षात येईल. आणि तसे झाले तर ठाण्याच्या जांभळी नाक्यावर साखर वाटायला हरकत नाही. (त्या २०१५ सालीही तूरडाळ दोनशेच्या घरात जाऊन आली होती, हे बाजाराला जाणाऱ्यांना आठवत असेल.)

दर शून्य होण्याचा एकच खरा प्रसंग असतो, तो म्हणजे नवा वेतन आयोग लागू होण्याचा. १ जानेवारी २०१६ पासून असेच झाले. तोवर साचलेली १२५ टक्के महागाई वाढ २.५७ या गुणकात मुरवून मूळ निवृत्तिवेतन वाढवले गेले आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू झाली. कागदावर टक्केवारी शून्य झाली, हातात येणारी रक्कम वाढली. आठव्या आयोगाच्या वेळी पुन्हा कोणीतरी ‘महागाई वाढ शून्य केली’ असा संदेश पाठवील, त्यासाठी हे आताच लक्षात ठेवलेले बरे.

या निर्देशांकावर रास्त आक्षेप घ्यायचा असेल तर तो वेगळा आहे. तो औद्योगिक कामगारांच्या घरखर्चावरून बेतलेला आहे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या खर्चात औषधे, तपासण्या, रात्रीची आया, दवाखान्यात जायला लागणारी गाडी यांचा वाटा कामगार कुटुंबापेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि निर्देशांकात तो तसा उमटत नाही. नेरूळ-वाशीत रात्रीची आया ठेवलेल्या कोणत्याही घरात हे विचारून पाहावे. संदेश लिहिणाऱ्याला हे सुचले असते, तर त्याला उत्तर देण्याऐवजी मी त्याच्या निवेदनावर सही केली असती.

विलीनीकरणाचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. महागाई भत्ता ५० टक्के झाला की तो आपोआप मूळ वेतनात विलीन होतो, अशी सातव्या आयोगाची कोणतीही तरतूद नव्हती, आणि असा प्रस्ताव विचाराधीन नसल्याचे अर्थ राज्यमंत्र्यांनी १ डिसेंबर २०२५ रोजी लोकसभेत सांगितले. जे आश्वासन दिलेच गेले नव्हते, ते मोडल्याचा कांगावा करण्यात अर्थ नाही. याच ओळीत ‘अंशराशीकरण केलेल्यांना’, म्हणजे निवृत्तिवेतनाचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतलेल्यांना, ‘कमी महागाई वाढ मिळते’ असेही घुसडले आहे. केंद्राच्या निवृत्तांना महागाई वाढ अंशराशीकरणापूर्वीच्या मूळ निवृत्तिवेतनावर मिळते, आणि विकलेला भाग १५ वर्षांनी पूर्ववत होतो.

अमेरिकेचे उदाहरण का आणले असावे, ते कळत नाही. बहुधा परदेशाचे नाव घेतले की मजकूर अभ्यासपूर्ण दिसतो म्हणून. तिथल्या सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतनात १९७५ पासून राहणीमान खर्चानुसार आपोआप वाढ होते, हे बरोबर आहे. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीतील निर्देशांकाची तुलना करून ती वर्षातून एकदा ठरते. पण ‘दरवर्षी वाढ’ मिळतेच असे नाही: २०१०, २०११ आणि २०१६ या वर्षांत ती शून्य होती. २०२६ साठी २.८ टक्के वाढ जाहीर झाली आणि त्याच वेळी ज्येष्ठांच्या आरोग्यविम्याचा, म्हणजे मेडिकेअरच्या ‘ब’ भागाचा, मासिक हप्ता १८५ वरून २०२.९० डॉलर झाला. हा हप्ता बहुतेकांच्या निवृत्तिवेतनातूनच कापला जातो. आपल्याकडे फेरआढावा वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून होतो. त्यांची पद्धत एका बाबतीत सरस आहे हे कबूल केले पाहिजे: तिथे वाढीचे सूत्र कायद्यात लिहिलेले आहे, आपल्याकडे ती सरकारी आदेशाने मिळते, आणि आदेशाने मिळणारी गोष्ट आदेशाने थांबवताही येते.

ती थांबवली गेलीही होती, आणि संदेशातला सर्वांत घातक भाग याच आठवणीवर पोसलेला आहे. २३ एप्रिल २०२० च्या आदेशाने केंद्राने जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ असे तीन हप्ते गोठवले. १७ टक्क्यांवर थांबलेला दर १ जुलै २०२१ पासून एकदम २८ टक्के झाला, पण मधल्या १८ महिन्यांचा फरक मिळाला नाही. सुमारे ३४,४०२ कोटी रुपये त्यातून वाचले, असे सरकारनेच संसदेत सांगितले आहे, आणि ही थकबाकी देणे शक्य नसल्याचेही वेळोवेळी स्पष्ट केले आहे. हा पैसा निवृत्तांचा होता असे मलाही वाटते. नेमकी ही दुखरी जागा हेरून संदेशाच्या तळाशी लिंक दिली आहे: ‘थकबाकीसाठी व जीवनप्रमाण अद्ययावत करण्यासाठी येथे नोंदणी करा, अन्यथा महागाई वाढ कायमची बंद.’

आत्याने ती लिंक उघडली होती. फॉर्मवर सिंहमुद्रा होती, वरच्या बाजूला तिरंगी पट्टी होती, आणि त्याने पीपीओ (निवृत्तिवेतन मंजुरी आदेशाचा) क्रमांक, जन्मतारीख, बँक खाते क्रमांक आणि आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक विचारला. हे सगळे भरून झाल्यावर ‘पेन्शन सेवा’ नावाची एक एपीके फाइल (फोनमध्ये थेट अ‍ॅप बसवणारी) उतरवून घ्या असा आदेश आला. तिने तीही उतरवायला घेतली होती. शुभ सकाळच्या फुलाफुलांच्या चित्रांनी तिचा फोन इतका भरलेला होता की जागा अपुरी असल्याची सूचना येऊन प्रकरण तिथेच थांबले. ती फाइल फोनमध्ये बसली असती, तर बँकेकडून येणारे ओटीपी वाचण्याची परवानगी तिने मागितली असती आणि आत्याने ती दिली असती, कारण तोवरच्या प्रत्येक प्रश्नाला तिने हो म्हटलेच होते. आम्ही त्याच संध्याकाळी बँकेला कळवून तिचे ऑनलाइन व्यवहार बंद करून घेतले. ज्यांची फाइल उतरून पैसे गेले आहेत, त्यांनी लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता अधिक असते.

महागाई वाढ मिळवण्यासाठी निवृत्ताला कोणतीही नोंदणी करावी लागत नाही. दराचा आदेश निघतो, बँक स्वतः हिशेब करते आणि रक्कम जमा होते. निवृत्ताला वर्षातून एकदा द्यावा लागतो तो हयातीचा दाखला (‘जीवनप्रमाण’ हे त्याचेच डिजिटल रूप), नोव्हेंबर महिन्यात, आणि ८० वर्षांवरील व्यक्तींना तो ऑक्टोबरपासूनच देता येतो. दाखला दिला नाही तर केवळ महागाई वाढ नव्हे, संपूर्ण निवृत्तिवेतन थांबते, आणि दाखला पोहोचल्यावर मागील फरकासह पुन्हा सुरू होते. तो बँकेत, टपाल कार्यालयात किंवा चेहऱ्याच्या ओळखीने फोनवरूनही देता येतो. तो देण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवरून कोणी लिंक पाठवत नाही.

शेवटी ‘एकाच रांगेत’चा टोमणा. ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून बेलापूर रस्त्यापर्यंतच्या कारखान्यांत उभे आयुष्य काढलेल्या माणसांना हे वाचून काय वाटत असेल, याचा विचार लिहिणाऱ्याने केलेला नाही. ही माणसे कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ खाली येतात आणि तिच्यात महागाई वाढ अशी तरतूदच चालू नाही. निवृत्तीच्या दिवशी ठरलेली रक्कम आयुष्यभर तीच राहते. निवृत्तिवेतनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले ७० हे तिचे सूत्र असून वेतनाची मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये आहे, त्याआधी ती ६,५०० होती. म्हणून मर्यादेनेच वर्गणी भरलेल्यांना पूर्ण ३५ वर्षांच्या सेवेलाही ७,५०० रुपयांच्या फारसे पलीकडे जाता येत नाही, आणि २०१४ पूर्वी घरी बसलेल्यांचा आकडा त्याहून पुष्कळ खाली आहे. किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये केले गेले आणि आजही तेवढेच आहे. केंद्रीय निवृत्तांना लागू असलेला तोच निर्देशांक इथे लावला, तर सप्टेंबर २०१४ मध्ये जुन्या मालिकेत २५३ असलेला आकडा ऑक्टोबर २०२५ पर्यंत ४२५ वर गेलेला दिसतो. म्हणजे त्या १,००० रुपयांची खरेदीशक्ती टिकवायची तर आज सुमारे १,६८० रुपये द्यावे लागतील. योजनेतल्या निवृत्तांच्या संघटना किमान ७,५०० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता मागत आहेत, बुलढाण्यापासून दिल्लीपर्यंत त्यांची आंदोलने वर्षानुवर्षे चालू आहेत, आणि या लांबलचक संदेशात त्या मागणीविषयी एक ओळही नाही.